मृत्युपत्र करायचंय? नागपुरात वकील कसा शोधावा आणि त्याला काय विचारावं

आपल्याकडे वकील शोधला जात नाही, तो सापडतो. साळ्याचा मित्र असतो, लेआउटमधल्या प्लॉटची रजिस्ट्री ज्यांनी करून दिली ते असतात, नाहीतर भावाची चेक बाऊन्सची केस जिंकून देणारे असतात. रजिस्ट्रीच्या किंवा केसच्या कामात हे चालून जातं, कारण काम बरं झालं की वाईट, ते चार महिन्यांत किंवा चार वर्षांत आपल्यालाच दिसतं. मृत्युपत्राचं तसं नाही. ते उघडतं तेव्हा करणारा नसतो, आणि त्यातली चूक निस्तरायला मुलं, सुना आणि जावई कोर्टाच्या व्हरांड्यात उभे असतात. त्यामुळे या कामाचा वकील त्याच्या निकालांवरून पारखता येत नाही. पहिल्या भेटीत तो काय विचारतो, यावरूनच पारखावा लागतो. तेवढी पारख करण्याइतकी आपली तयारी हवी, म्हणून सुरुवात घरूनच करायची.

आधी घरातले कागद बाहेर काढा

एक वही घ्या आणि प्रत्येक मालमत्तेसाठी एक पान ठेवा. नागपुरात "माझं घर आहे" एवढ्यावर वकिलाला काहीच कळत नाही, कारण इथे घरांच्या जाती बऱ्याच आहेत.

महाल-इतवारीतलं जुनं घर असेल तर आखिव पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालमत्तेचा उतारा) काढा आणि तिच्यावर आज कोणाचं नाव आहे ते बघा. पुष्कळ घरांत ते अजून आजोबांचंच असतं. जागा नझूलची, म्हणजे सरकारी, पट्ट्याने दिलेली असेल तर पट्टा कधीपर्यंतचा आहे, नूतनीकरण झालंय का, अटी काय आहेत, हे कागद लागतील. एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर लीज डीड आणि नामांतरणाचा कागद. शहराच्या कडेला, मानेवाडा-बेसा बाजूला लेआउटमध्ये प्लॉट असेल तर विक्रीपत्र, मौजा, खसरा नंबर, प्लॉट नंबर आणि आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मिळालं असेल तर ते. आरएल न झालेल्या प्लॉटवरही मृत्युपत्रात लिहिता येतं, पण पुढे नाव चढवताना वारसाला काय काय करावं लागेल हे वकिलाने आधीच सांगितलं पाहिजे.

फ्लॅटचा कागद नीट बघा. नागपुरात बऱ्याच योजना 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. त्यात तुमच्या हातात डीड ऑफ अपार्टमेंट असतं. सहकारी संस्थेत शेअर सर्टिफिकेट असतं आणि नॉमिनेशनचा फॉर्म भरलेला असतो. दोन्हीकडे मालक बदलण्याची वाट वेगळी आहे.

शेती असेल, काटोल-नरखेडकडचा संत्र्याचा बगिचा असेल, तर ताजा सातबारा आणि फेरफार आणा. भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2 (ज्याच्या हस्तांतरणावर सरकारी बंधनं असतात), नाव एकट्याचं की भावांसोबत सामायिक, आणि बहिणींची नावं आहेत की नाहीत, हे बघा. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं नसेल, तर "ती काही मागत नाही" या भरवशावर तिचा हिस्सा तुमचा होत नाही. पटवाऱ्याने नाव कमी केलं म्हणजे हक्क संपला, असं तर मुळीच नाही.

प्रत्येक पानावर एक प्रश्न लिहून ठेवा: हे मी कमावलेलं, मला कोणी दिलेलं, की वडिलोपार्जित? हिंदू माणसाला स्वतःच्या कमाईची मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र तो फक्त आपल्या हिश्शापुरतं लिहू शकतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मापासून हिस्सेदार आहे, आणि वडील 2005 आधी वारले असले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. या प्रश्नावर घाईने उत्तर देणारा वकील मला धोक्याचा वाटतो. चांगला वकील "कागद दाखवा" म्हणतो.

मग बँक, पोस्ट, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट, पीएफ. इथे नॉमिनी कोण आहे ते लिहा. बँक खात्याला 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याच्या पैशांबाबत 1984 साली आणि शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नॉमिनी पैसे हातात घेतो, हक्क वारसाचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचा. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच मानण्याची तरतूद आहे, म्हणून विम्याचं वकिलाला वेगळं विचारा. नॉमिनी थोरला मुलगा आणि मृत्युपत्रात धाकटी मुलगी, अशी गाठ घरोघरी बसलेली असते. ती वहीतच दिसली तर बरं.

शेवटच्या पानावर माणसं लिहा. नवरा-बायको, मुलं, वारलेल्या मुलाची बायको-मुलं, दत्तक, पहिल्या लग्नाची मुलं, दिव्यांग मूल, परदेशातलं मूल. आणि आई. पुरुषाने मृत्युपत्र न करता डोळे मिटले तर हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गात, म्हणजे सगळ्यात आधी हक्क मिळणाऱ्या वारसांत येते, वडील येत नाहीत. बायको, दोन मुलं आणि आई असतील तर चार सारखे हिस्से होतात. बऱ्याच बायकांना हे तेराव्यानंतर कळतं.

तुमचं काम कोणतं, ते ढोबळ ठरवा

मृत्युपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र आणि ट्रस्ट हे चार मुख्य मार्ग. ट्रस्टचा विचार प्रामुख्याने दिव्यांग मूल असेल किंवा पैशांची देखरेख वर्षानुवर्षं करायची असेल तेव्हा करायचा, बाकीच्यांनी त्यात वेळ घालवू नये.

बक्षीसपत्राबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा वारलेल्या मुलाच्या बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं. वर नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार धरायचे. हे स्वस्त दिसतं, म्हणून अनेक वकील आणि त्याहून जास्त दस्तलेखक म्हणतात, "काकाजी, आत्ताच पोराच्या नावाने करून टाका, पुढे झंझट नको." झंझट पोराची संपते, काकाजींची सुरू होऊ शकते. बक्षीसपत्र झालं की घर तुमचं राहत नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल, तर "सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहे" हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशी अट मोडली तर बक्षीस रद्द करून मागू देतं. ही अट सुचवतो तो वकील तुमचा, ती टाळा म्हणतो तो कोणाचा, हे तुम्हीच ठरवा.

कायदा कोणता लागतो, इथेच अर्धी परीक्षा

नागपुरात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना हिंदू वारसा कायदाच लागतो. "आम्ही बौद्ध, आम्हाला वेगळा कायदा" असा समज काही घरांत आहे, आणि तो दुरुस्त न करणारे वकीलही असतात. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तीचं आधीचं मृत्युपत्र तिने नंतर लग्न केलं की रद्द होतं. हिंदू-मुस्लिम किंवा हिंदू-ख्रिश्चन असं आंतरधर्मीय लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जातो. गोंड आणि इतर अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महसूल कायद्याची बंधनं आहेत.

स्त्रियांनी स्वतंत्र मृत्युपत्र करावं, यासाठी एकच उदाहरण पुरे. रामदासपेठेत स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतलेली, मूलबाळ नसलेली विधवा बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या आईवडिलांआधी तिच्या नवऱ्याचे वारस येतात. म्हणजे आई दारात आणि दीर घरात. तुम्ही अशा परिस्थितीत असाल आणि वकिलाने हे आपणहून सांगितलं नाही, तर दुसरा वकील बघा.

नावं कुठून मिळवायची

हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ सिव्हिल लाईन्समध्ये आहे आणि जिल्हा न्यायालयही. मृत्युपत्रासाठी हायकोर्टातला मोठा वकील लागतोच असं नाही. जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजू चालवणारा, वाटणीचे आणि मृत्युपत्राच्या वादाचे दावे लढलेला माणूस शोधा. साक्षीदाराला उलटतपासणीत कसं फोडतात, हे ज्याने पाहिलंय, तोच साक्षीदार नीट निवडतो. फक्त दस्त लिहिणारा वकील भाषा छान लिहील, पण तो कागद कोर्टात कुठे तुटतो, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

विचारायचं कोणाला? ज्यांच्या घरी मृत्युपत्रावरून वाद झाला आणि निभावला, त्यांना. तुमच्या सीएला. दुसऱ्याच शाखेचं काम करणाऱ्या वकिलाला, म्हणजे फौजदारी किंवा कामगार कोर्टातल्याला: "तुमच्या वडिलांचं मृत्युपत्र तुम्ही कोणाकडे दिलं असतं?" या प्रश्नाला वकील मंडळी बहुधा खरं उत्तर देतात. नोंदणी कार्यालयाबाहेर गळ्यात पडणाऱ्यांकडे जाऊ नका. जाहिरात बघूनही नको, कारण बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. ज्याने तोच नियम वाकवला, त्याच्याकडे नियमांचं काम का द्यायचं?

तीन नावं जमली की पुरे. सनद (वकिलीचा परवाना) महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते, तिचा नंबर विचारायला लाजू नका. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत विधी सहाय्य मागता येतं.

पहिली भेट

एकटे जा. मुलाने गाडीतून सोडलं तरी त्याला खाली चहा पिऊ द्या. यात मुलावरच्या अविश्वासाचा संबंध नाही, उलट मुलाच्याच फायद्याचं आहे. ज्याला जास्त मिळणार त्यानेच वकील ठरवला, मसुदा सांगितला, सही करताना बाजूला बसला, तर कोर्ट मृत्युपत्राकडे संशयाने बघतं आणि तो संशय दूर करण्याचा भार त्याच माणसावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1959 सालीच सांगून ठेवलंय. म्हणून वकील "मुलाला पण बोलवा ना, त्याच्यासमोर बोलू" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. फीही तुमच्याच खात्यातून द्या.

वही समोर ठेवा आणि आधी त्याला बोलू द्या. कागद मागतो का? ज्याला काही देणार नाही आहात त्याच्याबद्दल विचारतो का? चांगला वकील तिथेच थांबतो: धाकट्याला का वगळताय, त्याला आधी काही दिलंय का, ते कारण लिहायचं का. तब्येतीबद्दल, औषधांबद्दल विचारतो का? ज्याला देताय तो तुमच्याआधी गेला तर काय, हे विचारतो का? पंधरा मिनिटांत "उद्या या, तयार ठेवतो" म्हणणाऱ्याकडे बहुधा आधीच्या कोणाचं तरी मृत्युपत्र संगणकात आहे, नाव बदलायचं बाकी.

मग तुमचे प्रश्न. यातल्या काहींची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत असतील, ती मुद्दाम विचारायची:

- स्टॅम्प पेपर लागतो का? लागत नाही. साध्या कागदावरचं मृत्युपत्रही वैध असतं.
- नोटरी केलं की झालं ना? नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि कायद्याने नोंदणीही सक्तीची नाही. मग तुम्ही नोंदणी करायला का सांगता, हे त्याने समजावलं पाहिजे.
- नागपुरातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घ्यावंच लागेल का? हिंदू मृत्युपत्राला नागपुरात प्रोबेट कधीच सक्तीचं नव्हतं, ती जुनी सक्ती मुंबईसारख्या शहरांपुरती होती. "लागतंच" म्हणणारा वकील एकतर चुकतोय नाहीतर पुढचं काम आत्ताच बुक करतोय. मुंबईत फ्लॅट असेल तर त्याच्यापुरता सध्याचा नियम वेगळा विचारा.
- मृत्युपत्राच्या वादात तुम्ही कोणत्या बाजूने लढलात आणि मुद्दा काय होता? पक्षकाराचं नाव न घेता तो सांगू शकेल. नावासकट किस्से सांगू लागला तर उद्या तुमचाही किस्सा होईल.
- माझ्या मुलाचं किंवा भावाचं काही काम तुमच्याकडे आहे का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरचा जुना वकील, जो सगळ्या भावांची कामं बघतो, तो या कामाला नको. माणूस कितीही चांगला असला तरी.

फी

इथे भाव सांगत नाही, कारण एका फ्लॅटचं मृत्युपत्र आणि चार गावांतल्या सामायिक शेतीचं मृत्युपत्र यांत तुलनाच नाही. पण फी कशाकशाची, ते लिहून घ्या: कागद तपासणं, मसुदा, किती वेळा दुरुस्ती, नोंदणीच्या दिवशी हजर राहणं, नोंदणीचा खर्च आत की वेगळा. मालमत्तेच्या किमतीवर टक्का मागितला तर उठून या, काम तेवढंच असतं. दाव्याच्या निकालातून मिळणाऱ्या मालमत्तेत हिस्सा मागणं तर बार कौन्सिलच्या नियमांत बसतच नाही. पावती किंवा निदान ईमेल हवाच, कारण मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली आहे. ग्राहक आयोगात जाऊ, हा धाक आता उरलेला नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, पण तो लांबचा रस्ता.

मसुदा हातात आला की

मसुदा तुम्ही ज्या भाषेत घरी बोलता त्या भाषेत मागा. मराठीत विचार करणाऱ्या आजीचं इंग्रजी मृत्युपत्र म्हणजे समोरच्या वकिलाला आयता प्रश्न: "आजीला यात काय लिहिलंय ते कळलं होतं का?" घरी आणून दोन दिवस ठेवा आणि मोठ्याने वाचा.

प्रत्येक मालमत्तेचं वर्णन कागदाशी ताडून बघा. आखिव पत्रिकेवरचा नंबर, खसरा, चतु:सीमा. एक आकडा चुकला तर वारसाला नाव चढवताना खेटे पडतात. "वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी उरलेली सगळी मालमत्ता" कोणाला, हे वाक्य आहे का? व्यवस्थापक, म्हणजे तुमच्यामागे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, नेमलाय का, आणि तो तुमच्याहून वयाने लहान आहे का? समवयस्क मित्राला नेमण्याची आपल्याकडे फार हौस. बायकोला घर "तहहयात" (म्हणजे ती जिवंत असेपर्यंतच) दिलंय की पूर्ण मालकीने, हे शब्द नीट तपासा. या एका शब्दावर वर्षानुवर्षं दावे चालतात, आणि हेतू पूर्ण मालकीचा असताना वकिलाने सवयीने तहहयात टाकलेलं असतं.

साक्षीदार आणि नोंदणी

दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही तुम्हाला सही करताना बघावं, किंवा सही माझीच आहे असं तुमच्या तोंडून ऐकावं, आणि तुमच्यासमोर सही करावी. आत काय लिहिलंय ते त्यांना सांगायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीला नको. तुमच्याहून तरुण, नागपुरातच राहणारे, पुढे कोर्टात येऊन दोन शब्द बोलू शकणारे लोक बघा. वकिलाने आपला कारकून आणि टायपिस्ट पुढे केले तर थांबवा. वीस वर्षांनी ते कुठे शोधणार? एक साक्षीदार तुमचा नेहमीचा डॉक्टर असेल तर उत्तम. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं, तुम्ही शुद्धीवर आणि समजून-उमजून आहात असं त्याचं प्रमाणपत्र जोडा.

नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. तिला मुदत नसते, मुद्रांक शुल्कही नसतं. तुम्ही हयात असेपर्यंत नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्याखेरीज इतर कोणाला मिळत नाही, त्यामुळे "सगळ्यांना कळेल" ही भीती सोडा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतात, त्याचा अर्ज वकिलाने करायचा. ज्यांना नोंदणीही नको, त्यांच्यासाठी मोहोरबंद लिफाफा जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. तिच्याबद्दल वकिलाला विचाराल तर बरेचदा त्यालाही आठवून सांगावं लागतं.

नोंदणी झाली की मूळ प्रत तुमच्याकडे घ्या. वकिलाच्या कपाटात फक्त झेरॉक्स राहू द्या. मूळ कुठे आहे ते व्यवस्थापकाला सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकरला नॉमिनी आहे का ते आधी बघा, नाहीतर लॉकर उघडायला मृत्युपत्र हवं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये.

पुढे मालमत्ता विकली, नवी घेतली, घरात लग्न, घटस्फोट किंवा मृत्यू झाला, तर त्याच वकिलाकडे किंवा दुसऱ्याकडे जा. पुरवण्या जोडत बसण्यापेक्षा नवं मृत्युपत्र करा, आधीचं रद्द केल्याचं त्यात तारखेसह लिहा. जुनं नोंदवलेलं असलं तरी नंतरचं, नीट साक्षांकित केलेलं मृत्युपत्रच चालतं, पण जुनं नोंदवलं होतं तर नवंही नोंदवून टाका. आणि वकील बदलताना आधीच्याकडून आपले सातबारे, पत्रिका, डीड, सगळं मोजून परत घ्या, पोच देऊन.